क्रोनला शार्क्सचं पेप्टाइड प्रकरण: दंड दहा लाख डॉलर, खरं बिल किती?

मिरांडाकर

कुस्तीच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की उत्तेजकं सापडली की खेळाडूवर बंदी, क्लबला दंड, विषय खल्लास. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मी सिडनीच्या दक्षिणेला सदरलंड शायरमध्ये राहतो आणि पोटापाण्यासाठी लोकांचे ताळेबंद तपासतो. त्यामुळे खेळाचं पान वाचतानाही नजर आधी आकड्यांकडे जाते. आमच्या भागाचा क्लब म्हणजे क्रोनला-सदरलंड शार्क्स, रग्बी लीगवाले. १९६७ साली सिडनीच्या पहिल्या श्रेणीत आले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं विजेतेपदाशिवाय काढली. जॅक गिब्सन या जुन्या प्रशिक्षकाच्या नावावर एक टोमणा इथल्या पोराबाळांनाही पाठ आहे: क्रोनला जिंकेल म्हणून थांबणं म्हणजे हॅरल्ड होल्टसाठी ओसरीवरचा दिवा चालू ठेवणं. (होल्ट म्हणजे १९६७ मध्येच समुद्रात पोहायला गेले आणि परत आलेच नाहीत ते पंतप्रधान.)

आता पैशाचं. न्यू साउथ वेल्समध्ये रग्बी लीगचा संघ सहसा स्वतःच्या कमाईवर जगत नाही. त्याला जोडून सभासदांचा 'लीग्ज क्लब' असतो. जेवण, बार आणि पोकर मशीनच्या, म्हणजे पैसे लावून खेळायच्या जुगाराच्या यंत्रांच्या रांगा. त्या मशीनचा नफा संघाला पोसतो. काही क्लबांचा हा धंदा दांडगा आहे, आमचा बेताचा. मैदान तेवढं स्वतःच्या मालकीचं, पण डोक्यावर बँकेचं कर्ज. मग मैदानालगतच्या जागेवर दुकानं आणि फ्लॅट बांधायची योजना निघाली आणि २०१२ मध्ये तिला राज्य सरकारच्या नियोजन आयोगाची मंजुरी मिळाली. म्हणजे २०१३ उजाडलं तेव्हा क्लबला पहिल्यांदाच कर्जाबाहेरचा रस्ता दिसत होता.

आणि ७ फेब्रुवारी २०१३ आला. कॅनबेरात जेसन क्लेअर आणि केट लंडी हे दोन केंद्रीय मंत्री मोठ्या खेळांच्या प्रमुखांना शेजारी उभे करून पत्रकारांसमोर बसले. ऑस्ट्रेलियन क्राइम कमिशनचा अहवाल बाहेर आला: व्यावसायिक खेळात पेप्टाइडं (स्नायू लवकर भरून यावेत म्हणून टोचायची द्रव्यं) सर्रास चालतात आणि पुरवठ्यात संघटित गुन्हेगार आहेत. अहवालात एकाही क्लबचं नाव नाही, त्यामुळे संशय सगळ्यांवर. उत्तेजकविरोधी संस्थेचे माजी प्रमुख रिचर्ड इंग्ज यांनी त्या दिवसाला ऑस्ट्रेलियन खेळातला सर्वांत काळा दिवस म्हटलं आणि मथळेवाल्यांची सोय झाली.

महिन्याभरात बोट आमच्याकडे वळलं. २०११ च्या मोसमाच्या सुरुवातीला काही आठवडे स्टीफन डँक नावाचे 'क्रीडाशास्त्रज्ञ' क्लबात ये-जा करत होते. तंदुरुस्तीचं काम ट्रेंट एल्किन यांच्याकडे, मुख्य प्रशिक्षक शेन फ्लॅनगन. मार्च २०१३ मध्ये, मोसमाचा पहिला सामना तोंडावर असताना, संचालक मंडळाने फ्लॅनगन यांना बाजूला बसवलं आणि डॉक्टर, फिजिओ, संघ व्यवस्थापक धरून चौघांना एका फटक्यात घरी पाठवलं. त्याच महिन्यात वर्तमानपत्राशी नको तितकं बोलल्यावर अध्यक्ष डेमियन अर्व्हाइन यांनी राजीनामा दिला. फ्लॅनगन काही आठवड्यांत परतले. चौकशी संपेपर्यंत मात्र दीड वर्ष गेलं.

पुढचा हिशेब थोडक्यात. डिसेंबर २०१३: एनआरएलने, म्हणजे लीग चालवणाऱ्या संस्थेने, क्लबला १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड सुनावला (तेव्हाच्या दराने साडेपाच कोटी रुपयांच्या आसपास, आणि त्यातला काही भाग स्थगित), फ्लॅनगन वर्षभर निलंबित, एल्किन यांची नोंदणी रद्द. ऑगस्ट २०१४: कर्णधार पॉल गॅलन, वेड ग्रॅहम वगैरे तेव्हाच्या आणि माजी खेळाडूंनी बारा महिन्यांची बंदी मान्य केली. मागच्या तारखेपासून, नोव्हेंबर २०१३ पासून मोजून. त्या मोसमात संघ तळाला, सोळावा.

माझं म्हणणं असं की दहा लाखांचा दंड हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त भाग होता. कायद्याची आणि औषधांची जाणकार मंडळी, या.

खडूस

इथे रग्बी लीग कोण बघतं? कबड्डीच्या फ्रँचायझींचे ताळेबंद काढा की.

मिरांडाकर

त्यांनी ते छापले तर पहिला मी बघीन. इथले क्लब सभासदांचे आहेत, वार्षिक अहवाल सभासदांसमोर ठेवावा लागतो, म्हणून हिशेब दिसतो तरी.

बार्देशकर

आधी एक सांगा, लीग आणि रग्बी वेगवेगळं आहे का? आम्हा फुटबॉलवाल्यांना दोन्ही सारखंच दिसतं. सगळे एकमेकांच्या अंगावर.

मिरांडाकर

वेगळं. युनियनमध्ये पंधरा खेळाडू, लीगमध्ये तेरा. लीगमध्ये सहा पकडींनंतर चेंडू समोरच्याला. याच शार्क्सनी २०१३ च्या बाद फेरीत नॉर्थ क्वीन्सलंडविरुद्ध सातव्या पकडीवर ट्राय (म्हणजे इथला गोल) केला, पंचांची मोजणी चुकली आणि सामना दोन गुणांनी जिंकला. चौकशी, वकील, रोजचे मथळे चालू असताना हा संघ त्या वर्षी पाचवा आला होता. कोसळला तो २०१४ मध्ये.

औषधवाली

वाचनखूण साठवली. माझा विषय औषधनिर्माणशास्त्र, तेवढ्यापुरतं लिहिते.

या प्रकरणातली दोन नावं सीजेसी-१२९५ आणि जीएचआरपी-६. दोन्ही थेट वाढीचं संप्रेरक नाहीत. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते, तिला ही दोन वेगवेगळ्या वाटांनी डिवचतात आणि मग ती स्वतःच वाढीचं संप्रेरक सोडते. पहिलं शरीरातल्या नैसर्गिक निरोपाची नक्कल करतं आणि जास्त वेळ टिकतं. दुसरं भूक जागवणाऱ्या संप्रेरकाच्या जागी जाऊन बसतं, म्हणून ते घेणाऱ्याला खा-खा सुटते. आशा अशी की स्नायूंची झीज लवकर भरून येईल. रग्बी लीगमध्ये दर आठवड्याला अंग ठेचून निघतं, तेव्हा हा मोह समजण्यासारखा आहे.

यातलं एकही माणसांसाठी मंजूर औषध नव्हतं. वर्षानुवर्षं टोचलं तर काय होतं याची माहिती नाही, कारण तशा चाचण्याच पूर्ण झालेल्या नाहीत. ज्या वस्तूचं काम पेशींची वाढ ढकलणं आहे ती निरोगी पंचविशीतल्या माणसांना टोचायची, तर तुमच्याकडे निदान कुणाला, कधी, किती दिलं याची वही पाहिजे. या दोन्ही क्लबांच्या (दुसरा मेलबर्नचा, माई लिहितीलच) प्रकरणात मला सर्वांत धक्कादायक वाटतं ते वहीचं. खेळाडूने उद्या डॉक्टरला विचारलं की माझ्या अंगात काय गेलं, तर धड उत्तर देता येत नाही.

आणि हो, यात एकाच्याही लघवीच्या किंवा रक्ताच्या चाचणीत काही सापडलं नव्हतं. असली पेप्टाइडं शरीरातून लवकर निघून जातात, आणि २०११ सालच्या नमुन्यांत ती पकडण्याची सोय तेव्हा नव्हतीच म्हणा ना. सगळा खटला जबान्या, संदेश आणि कागदपत्रांवर उभा होता.

तालीमवाला

ताई, चाचणीत काय सापडलं नाय, मग पोरांनी कबूल कशाला केलं? आमच्याकडं तर नमुना सापडला तरी पैलवान मरेपर्यंत नाय म्हणतोय.

वकील नाना

तालीमवाले, तोच खरा प्रश्न.

उत्तेजकविरोधी नियमावलीत खेळाडूच्या मनात काय होतं याला दोष ठरवताना किंमत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी त्याची. 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य शिक्षा कमी करायला चालतं, सुटायला नाही. त्या वेळच्या नियमावलीत पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षं. मोठी चूक किंवा हयगय नव्हती असं दाखवलं तर निम्म्यापर्यंत खाली, म्हणजे बारा महिने. त्यावर आणखी एक तरतूद: खेळाडूचा दोष नसताना चौकशी रेंगाळली असेल तर बंदी मागच्या तारखेपासून धरता येते. ऑस्ट्रेलियाच्या संस्थेने, असाडाने, दीड वर्ष घोळ घातला होता. बारा महिने नोव्हेंबर २०१३ पासून मोजले की ऑगस्ट २०१४ मध्ये सही करणाऱ्याला प्रत्यक्ष तीन महिनेच भोगायचे राहतात, आणि त्यातलेही बरेचसे मोसम संपल्यानंतरचे. नोटिसा हातात पडल्या आणि दोन-तीन दिवसांत सह्या झाल्या. कुठल्याही वकिलाने हाच सल्ला दिला असता. मीही.

आता क्लबची बाजू, आणि मिरांडाकर म्हणतात ते इथे लागू पडतं. क्लबाला उत्तेजकांचा कायदा तितकासा बोचत नाही. त्याला बोचतो तो मालकाला लागू होणारा कायदा. तिथला खेळाडू हा क्लबचा नोकर. नोकराला कामाची सुरक्षित जागा देणं हे मालकाचं कर्तव्य. गिरणीत यंत्राला जाळी नसली तर मालक जबाबदार ना, तसंच इथे, सुई कोण टोचतोय आणि बाटलीत काय आहे हे न बघणं. एनआरएलने क्लबवर ठेवलेला ठपका नेमका हाच होता. तुम्ही उत्तेजकं दिलीत, असा नव्हे. तुम्ही लक्ष ठेवलं नाहीत आणि खेळाडूंची प्रकृती धोक्यात घातलीत, असा. त्यासाठी कुठलं द्रव्य कुणाच्या अंगात गेलं हे सिद्ध करावं लागत नाही. कारभार ढिसाळ होता एवढं पुरतं. म्हणून क्लबची शिक्षा खेळाडूंच्या आधी आठ महिने झाली.

आणि हा ठपका एकदा अधिकृत कागदावर आला की उद्या कुणा खेळाडूने हयगयीचा दावा लावला तर त्याच्या वकिलाचं निम्मं काम झालेलं असतं. दंड भरून क्लब मोकळा होत नाही, उलट पुढच्या दाव्याचा पाया घालून देतो.

मार्चमध्ये चौघांना काढलं त्याबद्दलही लिहायला हवं. चौकशी पूर्ण व्हायच्या आधी माणसं काढायची म्हणजे एकीकडे नोकरीच्या कराराचा भंग आणि दुसरीकडे 'आमच्याकडे काहीतरी घडलं' ही अप्रत्यक्ष कबुली. मंडळाला लोकांना दाखवायचं होतं की आम्ही कडक आहोत. कायद्याच्या नजरेने ते भलतंच महाग धाडस होतं.

खडूस

नाना, म्हणजे गप्प बसावं?

वकील नाना

निदान वर्तमानपत्राला फोन करू नये. संचालकांच्या जबाबदारीचा विमा असतो, त्यात बहुधा अट असते की विमा कंपनीला न विचारता दोष कबूल करायचा नाही. अध्यक्ष पत्रकाराशी मोकळेपणाने बोलले की दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचं पत्र येतं. अर्व्हाइन यांच्या बाबतीत आतून काय झालं त्याबद्दल मी बोलत नाही, सर्वसाधारण सांगतोय.

मेलबर्नची माई

औषधवालीने माझ्यावर ढकललंच आहे तर लिहिते. आमच्या घरात सगळे एसेंडन क्लबचे. हा खेळ वेगळा, ऑस्ट्रेलियन फुटबॉल, पण डँक तेच. क्रोनलानंतर २०१२ च्या मोसमासाठी ते आमच्याकडे होते.

आमच्या क्लबने स्वतःच फेब्रुवारी २०१३ मध्ये जाऊन सांगितलं की चौकशी करा. ऑगस्ट २०१३ मध्ये एएफएलने, म्हणजे आमच्या लीगने, २० लाखांचा दंड केला, त्या वर्षीच्या बाद फेरीतून बाहेर काढलं, नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क काढून घेतले, प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना वर्षभर घरी बसवलं. शार्क्सच्या दुप्पट दंड, पण लीगही श्रीमंत आणि क्लबही.

फरक नंतर पडला. शार्क्सच्या पोरांनी सही केली, आमच्यांनी नाही. हर्ड आणि क्लब फेडरल कोर्टात गेले. मुद्दा असा की असाडाला सक्तीने उत्तरं घ्यायचा अधिकार नव्हता, एएफएलचा करारातून होता, मग दोघांनी मिळून केलेली चौकशी कायदेशीर कशी? न्यायमूर्ती मिडलटन यांनी १९ सप्टेंबर २०१४ ला चौकशी वैध ठरवली. हर्ड यांचं अपीलही जानेवारी २०१५ मध्ये फेटाळलं गेलं. तारखा बघा, शार्क्सनी सह्या केल्या २२ ऑगस्टला, निकालाच्या चार आठवडे आधी. निकाल उलटा लागला असता तर त्यांनी उगाच कबूल केलं असं सगळं सिडनी म्हणालं असतं.

मार्च २०१५ मध्ये एएफएलच्या न्यायाधिकरणाने आमच्या ३४ खेळाडूंना निर्दोष सोडलं. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके तेवढे उडायचे राहिले. मग जागतिक संस्थेने, वाडाने, स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे अपील केलं आणि १२ जानेवारी २०१६ ला ३४ च्या ३४ दोषी. दोन वर्षं. आधी भोगलेलं वजा करून २०१६ चा अख्खा मोसम गेला. बारा जण तेव्हाही आमच्याकडेच खेळत होते, त्यांच्या जागी तात्पुरती माणसं भरून क्लब मैदानात उतरला आणि तळाला गेला. जोब वॉटसनचं २०१२ चं ब्राउनलो पदक (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) गेलं, ते दोघांना वाटून दिलं. जानेवारी २०१६ मध्येच कामगार सुरक्षेच्या खटल्यात मॅजिस्ट्रेटने क्लबला आणखी २ लाखांचा दंड केला. क्लबने तिथे गुन्हा कबूल केला होता. नाना म्हणतात ती गिरणीची जाळी ती हीच. शिवाय खेळाडूंशी गोपनीय तडजोडी.

आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये शार्क्सनी अंतिम सामन्यात मेलबर्न स्टॉर्मला १४-१२ हरवलं. क्लबच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद. गॅलनच्या हातात करंडक. त्याच वर्षी आमचे घरी बसलेले. मी नाही टीव्ही बघितला त्या दिवशी.

मिरांडाकर

माई, आमच्याकडे त्या रात्री शायरमधल्या कित्येक घरांच्या ओसरीवर दिवे लावले होते, गिब्सनच्या टोमण्याला उत्तर म्हणून. तुम्ही बघितला नाहीत तेच बरं.

तालीमवाला

माई, तुमची गोष्ट म्हंजे आमच्या नरसिंग यादवचीच की. सलग तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या आधी नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. त्यो म्हणाला माझ्या खाण्यात कुणीतरी मिसळलं. १ ऑगस्टला नाडानं, आपल्या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, सोडलं. तालमीत पेढे वाटले राव. आणि १८ ऑगस्टला, कुस्ती उद्यावर आली असताना, त्याच क्रीडा लवादानं चार वर्षं ठोकली. घरच्या पंचानं सोडलं तर वरचा पंच दुप्पट मारतोय असंच दिसतंय. नरसिंगला कोण क्लब नाय, कोण विमा नाय, कोण तडजोड नाय. एकटा पैलवान.

शिवाजीपार्कवाला

मला खटकतंय ते मागच्या तारखेचं. गॅलन २०१४ च्या जून-जुलैमध्ये न्यू साउथ वेल्सचा कर्णधार होता, स्टेट ऑफ ओरिजिनमध्ये, म्हणजे दोन राज्यांच्या वार्षिक मालिकेत, क्वीन्सलंडची सलग आठ वर्षांची सत्ता त्याने मोडली. दोन महिन्यांनी कागदावर लिहिलं गेलं की त्या सगळ्या काळात तो बंदीखाली होता. मग तो खेळला ते काय होतं?

आपल्याकडे हेच पृथ्वी शॉचं झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला मुश्ताक अली स्पर्धेत नमुना घेतला, खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटलीन सापडलं. बीसीसीआयने ३० जुलैला आठ महिन्यांची बंदी जाहीर केली, मोजली १६ मार्चपासून. मधल्या काळात पोरगा दिल्लीकडून अख्खी आयपीएल खेळला होता. त्याच ऑगस्टमध्ये क्रिकेट मंडळ नाडाच्या कक्षेत आलं, हा योगायोग समजा हवं तर.

तालीमवाला

ह्येच म्हणतोय मी. क्रिकेटवाल्याला मागची तारीख, पैलवानाला पुढची.

वकील नाना

दोघांत फरक आहे. शॉच्या बाबतीत द्रव्याचा प्रकार वेगळा होता आणि त्याने आरोप लगेच कबूल केला. नरसिंगने वाद घातला आणि वाद सिद्ध करता आला नाही. लवाद कबुलीला किंमत देतो आणि न टिकलेल्या बचावाला दया दाखवत नाही. न्याय्य की नाही ते सोडा, पण वकिलाला हे गणित माहीत असतं. ज्याच्याकडे चांगला वकील तो लवकर कबूल करतो. एसेंडन आणि शार्क्स यांच्यातही तेवढाच फरक आहे.

औषधवाली

नाना, एसेंडनचे खेळाडू शेवटपर्यंत म्हणत होते की आम्हाला दिलं ते थायमोसिन बीटा-४ हे बंदी असलेलं पेप्टाइड नव्हतं. निर्दोष असलेल्याने सोयीसाठी दोषी म्हणून सही करावी असं तुम्ही म्हणताय का?

वकील नाना

मी म्हणत नाही, ती व्यवस्था म्हणते. आणि निर्दोष आहोत हे दाखवायला लागणारी वही तुम्हीच म्हणता तशी नव्हती. ती वही ठेवणं क्लबचं काम होतं. खेळाडूचा बचाव क्लबच्या निष्काळजीपणामुळे बुडाला, म्हणूनच नुकसानभरपाई मागायला जागा तयार होते. आपल्याकडच्या लीगमध्ये खेळाडू नोकर आहे की कंत्राटदार, इथूनच वाद सुरू होईल आणि दहा वर्षं तिथेच अडकेल.

बार्देशकर

मिरांडाकर, हिशेबाचं राहिलंच की. दंड सर्वांत स्वस्त कसा?

मिरांडाकर

लिहितो. क्लबच्या आतल्या फायली माझ्याकडे नाहीत, असा धक्का बसलेल्या सभासद-क्लबच्या ताळेबंदात कुठे कुठे भोकं पडतात ते सांगतो.

दंडाचा आकडा ठरलेला असतो. हप्ते मागता येतात, काही भाग स्थगित होतो, बँकेला दाखवता येतो. त्रास न ठरलेल्या आकड्यांचा. फेब्रुवारी २०१३ ते ऑगस्ट २०१४ इतका काळ कुणालाच माहीत नव्हतं की किती खेळाडू जातील, कधी जातील, दावे किती येतील. हिशेबात याला संभाव्य देणी म्हणतात. रक्कम लिहिता येत नाही, पण टीप टाकावी लागते, आणि ती टीप कर्ज देणारा बँकवाला सर्वांत आधी वाचतो. इकडे बांधकामाचा भागीदार आहे, त्याला अर्ध्यात बुडणारा क्लब नको. प्रायोजकाच्या करारात बदनामी झाली तर बाहेर पडायचं कलम असतंच. तो तेही वापरत नाही, नुसतं नूतनीकरण लांबवतो. त्याला कारण विचारता येत नाही. कर्णधार उद्या खेळेल की नाही हे ठाऊक नसताना वर्षाच्या सभासदत्वाची तिकिटं विकायची. नवा चांगला खेळाडू आणायचा तर त्याचा एजंट पहिला प्रश्न चौकशीबद्दल विचारणार.

वर वकील. क्लबचे वेगळे, संचालकांचे वेगळे, खेळाडूंचे वेगळे, कारण तिघांचे हितसंबंध वेगळे. एप्रिल २०१३ मध्ये वेड ग्रॅहमची पहिली मुलाखत सुरू होऊन मध्येच थांबली. प्रश्न हा की स्वतःविरुद्ध जाईल अशी उत्तरं द्यायला त्याला भाग पाडता येतं का. पुढे ऑगस्टपासून कायदा बदलला आणि असाडाला लोकांना बोलावण्याचे अधिकार मिळाले. त्या मधल्या महिन्यांत तासांवर पैसे घेणारी माणसं बसून होती. क्लबने स्वतःही माजी न्यायाधीश ट्रिशा कॅव्हनॉ यांच्याकडून अंतर्गत चौकशी करून घेतली होती, तिचंही बिल.

मजा ही की याच सुमाराला लीग कधी नव्हे इतकी श्रीमंत झाली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचा करार १०० कोटी डॉलरच्या वर गेला होता. त्यातला वाटा क्लबांना मिळतो. म्हणजे एका हाताने एनआरएल क्लबला अनुदान देते आणि दुसऱ्या हाताने दंड घेते. क्लब बुडू द्यायचा नव्हता, कारण सोळा संघांचे आठ सामने दर आठवड्याला टीव्हीला विकलेले होते. शार्क्स वाचले त्याला मी खेळाडूंच्या जिद्दीइतकंच या वेळापत्रकाला श्रेय देतो. आणि त्या फ्लॅटांना.

२०१४ मध्ये मैदानावर काय झालं ते वेगळं. फ्लॅनगन निलंबित, त्यांच्या जागी पीटर शार्प आले, तेही जुलैत सोडून गेले. जूनमध्ये टॉड कार्नी या मोठ्या खेळाडूला अगदी वेगळ्या कारणासाठी काढलं, त्याबद्दल इथे लिहिणार नाही, घरी पोरं वाचतात. वर्षभरात पाच विजय. तिकीटबारीचं काय झालं असेल ते तुम्हीच जोडा.

शिवाजीपार्कवाला

कार्नीचं गूगल केलं. बरं झालं लिहिलं नाहीत.

बार्देशकर

डँक यांचं काय झालं शेवटी? सगळ्यांत मधे तेच दिसतात आणि दंड मात्र बाकीच्यांना.

मेलबर्नची माई

जून २०१५ मध्ये एएफएलच्या न्यायाधिकरणाने आजन्म बंदी घातली. पण ते नोकरी सोडून गेलेले, त्यांच्याकडून दंड कोण वसूल करणार? वर्तमानपत्रावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता, २०१६ मध्ये सिडनीच्या कोर्टात तोही त्यांच्या विरुद्ध गेला. त्याच वर्षी मेलबर्नच्या त्यांच्या घरावर गोळीबार झाला, डोक्याला चाटून गोळी गेली.

खडूस

कबड्डीत निदान गोळ्या चालत नाहीत. चालू द्या.

वकील नाना

बार्देशकर, कायद्यात वसुली होते ती ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्याकडून. सल्लागाराकडे बॅग असते, क्लबकडे मैदान असतं.

तालीमवाला

आणि त्यो फ्लॅनगन? वर्षभर बसला आणि परत आला, करंडक पण घेतला. सुटला म्हणायचा.

मिरांडाकर

नाही सुटला. निलंबन होतं तेव्हा क्लबच्या कामात भाग घ्यायचा नाही ही अट होती. २०१८ मध्ये एनआरएलचे लोक दुसऱ्याच कारणासाठी क्लबचे जुने ईमेल बघत होते, त्यात २०१४ ची पत्रं निघाली. फ्लॅनगन घरून खेळाडूंच्या भरतीबद्दल लिहीत होते आणि क्लबातले लोक उत्तरं देत होते. डिसेंबर २०१८ मध्ये त्यांची नोंदणी रद्द केली आणि क्लबला आणखी ८ लाखांचा दंड लावला. म्हणजे २०११ च्या काही आठवड्यांचं बिल २०१८ मध्येही येतच होतं. २०१९ मध्ये पगारमर्यादेच्या वेगळ्या प्रकरणात अजून दंड झाला, पण त्याचा पेप्टाइडांशी संबंध नाही.

औषधवाली

म्हणजे सुया नाही, ईमेल महागात पडली.

वकील नाना

नेहमी ईमेलच पडते.

तालीमवाला

आता काय करतोय?

मिरांडाकर

२०२४ च्या मोसमापासून सेंट जॉर्ज इलवाराचे मुख्य प्रशिक्षक झाले. जॉर्जेस नदीच्या पलीकडचा संघ, आमचे जुने वैरी. पहिल्यांदा ते शार्क पार्कवर पाहुणे म्हणून येणार होते तेव्हा आमच्या कँटीनमध्ये त्यांना टाळ्या वाजवायच्या की हुर्यो करायची यावर जोरदार वाद झाला. २०१६ चा करंडक आणि ८ लाखांचा दंड दोन्ही त्यांच्याच खात्यावर. अर्ध्यांनी टाळ्या वाजवायच्या असं ठरलं.

खडूस

कबड्डीचा धागा कधी काढताय?